चालायच्या मिनिटांची बेरीज

मी मुळात तापट. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले, तेही पहिल्या वर्गात, त्यामुळे त्या तापटपणाला शिंगं फुटली. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. पुण्यातल्या एका नियोजन प्रकल्पात मला नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि माझं ठाम मत होतं की पुढारी आणि कारकून बाजूला सारून देश गणितवाल्यांच्या हाती दिला तर दहा वर्षांत सगळं सुरळीत होईल. आता आठवलं तरी कान गरम होतात.

प्रकल्पाचं काम असं होतं. मावळातल्या डोंगराकडच्या भागात तीन नर्सेस बसवायच्या होत्या. नर्सेस नेमून झाल्या होत्या, औषधांच्या पेट्या भरून तयार होत्या. फक्त त्यांनी कुठल्या तीन गावांत बसायचं ते ठरायचं होतं. एरवी अशा गोष्टी ठरतात त्या ज्याचा वर घरोबा त्याच्या गावाच्या बाजूने. आमचे सर म्हणाले, या वेळी आपण माणसांना ठरवू द्यायचं नाही, गणिताला ठरवू द्यायचं. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

रीत समजायला अवघड नव्हती. प्रत्येक गावात आणि वाडीत माणसं किती ते घ्यायचं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती चालावं लागतं ते घ्यायचं, आणि मग अशी तीन गावं शोधायची की सगळ्या माणसांची नर्सपर्यंतची चाल एकत्र केली तर बेरीज कमीत कमी यावी. तीन-तीन गावांच्या जोडण्या हजारो होतात, त्या हाताने करत बसलं तर पेन्शन लागेल. मुंबईच्या एका संस्थेतल्या कॉम्प्युटरवर आम्हांला थोडा वेळ मिळाला होता. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे मांडीवर घेऊन, घाटातून गाडी उतरताना ते सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून, मी ते तिकडे नेत असे.

अंतरं सर नकाशावर दोरा ठेवून मोजत होते. त्यावरून मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, सर, हा काय फलटणचा माळ आहे का? नकाशावर चार बोटं असलेली वाडी मध्ये कडा असला तर अर्ध्या दिवसाची होते. मैल मोजू नका, मिनिटं मोजा. आणि ती तिथल्या माणसांनाच विचारा, त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? सर दोरा गुंडाळून ठेवत म्हणाले, बरोबर आहे तुझं, तूच कर. त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. माझ्या हुशारीत आहे.

पहिल्यांदा औंढे गावात जाऊन प्रश्न विचारून पाहिले. तिथे लक्षात आलं की घड्याळ कोणाकडे नाही, मिनिटं कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं एक बिडी ओढून होईतो पोचाल, कोणी म्हणतं भात शिजेस्तोवर. मी काय केलं, तर एक तक्ता केला. बिडी म्हणजे दहा मिनिटं. भात शिजणं म्हणजे तीस. भाकऱ्या थापून होणं म्हणजे चाळीस. घरी आईला चुलीशी बसवून भाकऱ्यांची वेळ मी खरोखर घड्याळ लावून घेतली. सरांनी तो तक्ता पाहून माझी पाठ थोपटली.

माघात मी पठारावरच्या वाड्यांना गेले. लोणावळ्याच्या अंगाने डोंगराच्या धारेवरून एक जीपची वाट होती, कोळसा नेणाऱ्या ठेकेदाराने काढलेली. पावसाळा सोडून ती चालू असे. वरच्या चौदा वाड्या मी अशा जीपमध्ये बसून केल्या. खालची, दरीतली, डांबरी रस्त्याकाठची गावं केली ती एस.टी.ने. मधला डोंगर मी चालले नाही. चालायची गरजच नव्हती ना! लोक सांगत होते, मी लिहून घेत होते.

शेवटच्या वाडीत मी एका घरी उतरले. बारा-पंधरा घरांची वाडी. घरात नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. बायको माझ्याच वयाची होती. तिसरा महिना चालू होता. आधीची दोन पोरं गेली होती, एक पोटातच, दुसरं जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. वाडीची सुईण म्हणजे तिची सासूच. म्हातारीच्या हाताला कंप सुटला होता, कपबशी वाजायची तिच्या हातात. तिने मला चुलीशी बसवून नाचणीची भाकरी वाढली आणि सरळ सांगितलं, "माझ्या हातानं दोन गेली. ह्या खेपंला माझा हात लागाया नगं."

सून पाठमोरी बसून भांडी घासत होती. तिने मान वळवली नाही, पण विचारलं, "बाई, नर्स येईल नव्हं हितं?"

मी म्हटलं, येणार. वरच्या वाड्या एवढ्या लांब आहेत, तीनपैकी एक नर्स पठारावरच येणार, गणितच तसं सांगणार. पुढाऱ्याच्या शब्दाचा भरवसा नसतो, पण गणिताचा असतो. हे वाक्य मी बोलले, जसंच्या तसं. ती हसली. मग मी वही काढली आणि तिच्या नवऱ्याला विचारलं, खालच्या रस्त्याच्या गावाला जायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, हितंच हाय की, उतारच हाय समदा, भात शिजेस्तोवर पोचताल. मी लिहिलं, तीस मिनिटं.

एखाद्याला इथे शंका आली असती. मला नाही आली. डोंगरातली माणसं, झपाझप चालत असतील, असं मनात म्हणून मी पान उलटलं.

चैत्रात कॉम्प्युटरचं उत्तर आलं. तिन्ही नर्सेस खाली. तिन्ही रस्त्याच्या गावांत. पठारावर एकही नाही. मी कागद उलटसुलट करून पाहिला, कार्डं परत तपासली. चूक नव्हती. सर म्हणाले, आकड्यांनी सांगितलंय, आपण कोण? तरी मला चैन पडेना. मी तिला शब्द दिला होता. रजा टाकली, जीप पकडली आणि पुन्हा त्या वाडीला गेले. ती आता चांगली दिसत होती, पोट दिसायला लागलं होतं. नर्सचं मी काही बोलले नाही. तिच्या नवऱ्याला एवढंच म्हटलं की मला खालच्या गावाला चालत घेऊन चला.

सकाळची न्याहारी करून निघालो. मी घड्याळ बघितलं. तासाभराने आम्ही अजून पठाराच्या काठाशीच होतो. त्यानंतर उतार लागला, तो उतार कसला, शिडीच होती. बसून, हात टेकून, करवंदीच्या जाळीला धरून उतरायचं. पुढे एक कोरडा ओढा, मग परत चढ, मग दुसरा ओढा. मी विचारलं, पावसात हा ओढा कसा ओलांडता? तो म्हणाला, पावसात न्हाई ओलांडत कोणी, वरनं वळसा घालून जातो. खालच्या गावाचा पार दिसला तेव्हा घड्याळात पावणेचार तास झाले होते. कोरड्या दिवसात, रिकाम्या हाताने, तरण्या माणसाला पावणेचार तास, आणि माझ्या वहीत तीस मिनिटं!

मी पारावर बसले आणि त्याच्यावर ओरडले. अक्षरशः ओरडले, चार माणसं बघायला लागली. भात शिजेस्तोवर म्हणालात ना तुम्ही? का खोटं सांगितलंत?

तो गोंधळलाच. त्याला राग नव्हता आला, प्रश्नच कळला नव्हता. म्हणाला, "चालणाऱ्याला लांब न्हाई सांगायचं, बाई. पायातलं बळ जातं."

मग त्याच्या तोडक्या बोलण्यातून हळूहळू कळलं. पठारावर हा रिवाजच. वाट विचारणाऱ्याला लांब म्हणून सांगणं म्हणजे त्याला दारातून परत लावणं. पाहुणा दमलेला असला तर त्याला अजून थोडंच राहिलंय असंच सांगायचं. सोयरीक जमवताना तर हमखास. वाडी लांब म्हटली की कोण मुलगी देणार? चौदाच्या चौदा वाड्यांनी मला अशीच धीराची उत्तरं दिली होती. आणि खालच्या रस्त्याच्या गावांना सरकारी माणसांची सवय होती. रस्त्यासाठी, विहिरीसाठी, शाळेसाठी असे वहीवाले त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी मला सगळं दुप्पट करून सांगितलं होतं. वरच्यांचं माप हलकं झालं, खालच्यांचं जड, आणि कॉम्प्युटरने इमानदारीत खालच्यांना नर्सेस देऊन टाकल्या. सरांचा नकाशावरचा दोरा परवडला असता.

हे मला तिथे पारावर बसल्या बसल्या उमगलं. उमगल्यावर तरी गप्प बसावं की नाही? पण नाही. डोक्यात राख घातलेली. मी त्या माणसाला म्हटलं, तुमच्या या खोटं बोलण्यापायी नर्स खाली गेली. आता बायकोला काय सांगणार आहात?

 तो मला एस.टी. मिळेपर्यंत उन्हात उभा राहिला, माझी पिशवी त्याने धरली होती. मग परत डोंगराकडे निघाला.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "एका वाडीचा आकडा बदलून उत्तर बदललं तर ते गणित नाही. ती शिफारस झाली." मी तिथे जेवले आहे, त्या बाईला ओळखते, म्हणून तिचाच आकडा दुरुस्त करायचा, हे मला मान्य आहे का? त्यांचं खरं होतं. यादी पाठवायला पंधरा दिवस होते. म्हणाले, चौदाही वाड्या चालून ये, घड्याळ लावून, तोवर मी यादी थांबवतो.

पंधरा दिवसांत चौदा वाड्या. मी निघाले. वैशाखाचं ऊन, पायात कॅनव्हासचे बूट, दोन दिवसांत टाचेचे फोड फुटले. रोज एक वाडी उतरायची, एस.टी.ने लोणावळ्याला यायचं, सकाळी पुन्हा जीप. ज्या दिवशी जीप नसे तो दिवस फुकट जाई. मी चालताना मोठ्याने आकडे म्हणत असे, म्हणजे रडू येत नसे. अकरा वाड्या झाल्या आणि बाराव्या उतारावर माझा पाय मुरगळला. दोन माणसांनी धरून खाली आणलं. तीन राहिल्या. तीनच!

पुण्यात पाय सुजून भोपळा झालेला असताना मी गादीवर बसून, हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर, अकरा खऱ्या आणि तीन खोट्या आकड्यांनी हिशेब केला. सगळ्या जोडण्या शक्य नव्हत्या, पण मुख्य मुख्य केल्या. उत्तर स्पष्ट होतं. एक नर्स पठारावर, आणि तीही त्याच वाडीच्या शेजारी. दंड दुखेपर्यंत ते यंत्र फिरवलं होतं. रिक्षा करून, लंगडत ऑफिसात गेले आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो फार वेळ वाचला. पेन्सिलीने एक-दोन ठिकाणी बेरीज तपासली. मग म्हणाले, बरोबर आहे. पण तीन वाड्या राहिल्यात, आणि यादी काल गेली. पुढच्या वर्षी फेरतपासणीत पहिलं हे घेऊ. मी म्हटलं, सर, तिला पुढच्या वर्षी मूल होणार नाहीये, तिला श्रावणात होणार आहे.  त्यांच्यावर राग काढायची माझी फार इच्छा होती, पण तो माणूस वाईट नव्हता. मी वडगावच्या तालुका कचेरीत जाऊन यादी मागे घेता येते का तेही विचारून आले. येत नव्हती.

माझी झोप उडाली.  आई म्हणायची, तू काय सगळ्या तालुक्याचा मक्ता घेतला आहेस का? तिला कसं सांगणार की सगळ्या तालुक्याचा नाही गं, एकीचाच.

मग मी ठरवलं, नर्स वर जात नाही तर बाईला खाली आणू. रस्त्याच्या गावातले एक आबा, ज्यांच्या ओसरीवर नर्सचा दवाखाना सुरू होणार होता, त्यांच्याकडे गेले. मनात त्यांचा रागच होता, आकडे फुगवणाऱ्यांपैकी ते एक. पण त्यांनी ऐकून घेतलं आणि गोठ्याशेजारची खोली झाडून द्यायला लगेच सुनेला सांगितलं. म्हणाले, पोरीचं बाळंतपण हाय, पैशाचं नाव काढू नका. आमची बी माणसं वाटंतच मेल्यात, बाई.

जीपची वाट बंद व्हायच्या आत, शेवटच्या फेरीला मी वाडीत पोचले. नवरा रानात होता, माझ्यासमोर आलाच नाही. मी सासूला आणि तिला बसवून विनवलं. आत्ताच चला, माझ्याबरोबर, जीपमधून. खोली आहे, नर्स आहे, दोन महिने राहा. सासू कबूल होती. सून नव्हती. नाचणीची लावणी तोंडावर होती, घरात कामाचे हात तीन. ते सोडून दोन महिने खाटेवर बसायचं, हे तिला विचारातही घेता येईना. लावणी उरकली की येते, म्हणाली, श्रावण लागायच्या आत नक्की. मी ओरडले नाही. पारावर ओरडून झालं होतं. तिचा हात धरून एवढंच म्हटलं की उशीर करू नकोस. जीपवाला भोंगा वाजवत होता.

आषाढ सगळा मी दिवस मोजत काढला. दर शनिवारी सकाळच्या गाडीने निघायचं, पुढे एस.टी., आणि आबांच्या गोठ्याशेजारच्या त्या खोलीत जाऊन बघायचं. खाट रिकामी. नर्स चांगली होती, माझ्याहून थोडी मोठी, ख्रिस्ती. ती म्हणायची, येईल हो, तुम्ही बसा, चहा घ्या. श्रावण लागला. खाट रिकामीच. पठार ढगात बुडालेलं, वर कोणाला पाठवणार आणि कोण जाणार?

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारच्या सुमाराला चार माणसं बांबूला घोंगडी बांधून झोळी घेऊन आली. पुढचा बांबू तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर होता. मागे इरलं पांघरलेली म्हातारी, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली. पहाटेच निघाले होते. लावणी आदल्या दिवशी उरकली होती आणि आज ती खाली यायचीच होती. पण कळा आधी सुरू झाल्या. दोन्ही ओढ्यांना वळसा घालून येताना वाटेत, उतारावर, ती बाळंत झाली. पोर पायाळू होतं. म्हातारीच्याच हातात आलं. शेवटी हात तिचाच लागला. पोर रडलं, असं म्हातारी सांगत होती, चांगलं रडलं, थोडा वेळ रडलं. फडक्यात गुंडाळलेलं तिच्याजवळच होतं. ती ते खाली ठेवायला तयार नव्हती.

बाईला नर्सने वाचवलं. रक्त थांबवायला तिला बराच वेळ लागला, मी तिच्या हाताखाली पाणी, कापूस, जे सांगेल ते देत होते.  काम झाल्यावर नर्स ओसरीवर येऊन बसली आणि हात पुसत म्हणाली की असं मूल मी दोनदा सोडवलं आहे, मी वर असते तर हेही वाचलं असतं. तिला काही माहीत नव्हतं. ती सहज बोलली.

संध्याकाळच्या एस.टी.च्या आधी मी खोलीत गेले. ती जागी होती. चेहरा पांढराफटक. मला बघून उठायला लागली, मी खांदा धरून निजवलं. मी बोलायला आले होते. प्रश्न मी चुकीचा विचारला, तक्ता मी केला, डोंगर मी चालले नाही, तुमचं यात काही चुकलं नाही, हे सगळं मी ओसरीवर बसून मनात जुळवलं होतं. पण तीच आधी बोलली.

"बाई, रागावू नगा आमच्यावर," ती म्हणाली. "आमी वेळ खोटा सांगितला. ह्यांनी मला समदं सांगितलं. आमच्यामुळं तुमचं गणित बिघाडलं."

 मला त्या क्षणी जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं. तोंड उघडलं, पण जुळवलेलं एकही वाक्य बाहेर येईना. बाहेर एस.टी. येऊन उभी राहिली होती, कंडक्टर घंटी देत होता. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "राहू दे. नाही रागावले मी."

तिला खरंच बरं वाटलं असावं. तिने डोळे मिटले आणि लगेच झोपली.